वरून फक्त छत्री दिसते

शुक्रवार, ६ मार्च

आगाऊपणाचं फळ आज पदरात पडलं. मुलांच्या रुग्णालयाच्या नव्या इमारतीची प्रतिकृती गेल्या आठवड्यात पत्रकारांना दाखवली होती. त्यावर मी आमच्या दैनिकात एवढंच लिहिलं की, काचपेटीतल्या त्या सुबक पांढऱ्या इमारतीपुढे पांढरी इवली माणसं उभी आहेत, झाडं आहेत, मोटारी आहेत, एका गृहस्थाच्या हातात तर ब्रीफकेसही आहे. मूल मात्र औषधालाही नाही. हे रुग्णालयाच्या थोरल्या डॉक्टरांना झोंबलं. (थोरले म्हणजे मुख्य. धाकटे पुष्कळ आहेत.) त्यांनी थेट संपादकांना फोन लावला. "तुमच्या वार्ताहराला एवढं कळतं ना, मग त्यालाच बसवा आमच्या समितीवर."

संपादक खूश. "जा. नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून बसा. चहा मिळेल."

चहा मिळाला. खुलासाही मिळाला. इमारतीचा आराखडा करणाऱ्या आर्किटेक्ट बाई वयाने माझ्या निम्म्या असतील. त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, "सर, ती माणसं विकत मिळतात. त्या मापात मुलं मिळत नाहीत. कुठल्याच दुकानात नाहीत." माझी थट्टा माझ्यावरच उलटली. सगळ्या समितीत खोटं न बोलणारं एक माणूस आहे आणि ते बाईंच्या रूपाने कागदपेन्सिल घेऊन बसलं आहे, हे कळल्यावर बरं वाटलं.

महिनाअखेर आराखड्यावर सह्या होणार. त्यानंतर भिंत बोटभरही हलणार नाही, असं थोरल्यांनी बजावलं. सांगितलं सगळ्यांना, पाहिलं माझ्याकडे.

रविवार, ८ मार्च

जुन्या इमारती तीन. एक 'तापाची', एक 'हाडांची' आणि एक 'नवी'. ही नवी मी लहान असतानाही नवीच होती. आता तिच्या गच्चीवर पिंपळ उगवला आहे. तिन्ही पाडून जी उभी राहणार तिला लोक काय म्हणतील, या चिंतेने मला ग्रासलं आहे.

पाडण्याआधी कुणी जुना रुग्ण आपली इमारत हिंडून दाखवेल का, असं बाईंनी विचारलं होतं. आठ वर्षांचा असताना मी तापाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक अख्खा हंगाम काढला आहे. गेलो. वॉर्ड रिकामा. लोखंडी पलंग एकावर एक रचून ठेवलेले, भिंतीवर डोकी टेकून टेकून पडलेले तेलकट गोल अजून तसेच. कडेची तिसरी खिडकी माझी. तिची चौकट आज माझ्या छातीला लागते, म्हणजे तेव्हा डोक्यावरून जात होती. खिडकी हवेसाठी असते, बघण्यासाठी नव्हे, असं पूर्वसूरींचं मत असावं. आम्ही पलंगाच्या कठड्यावर चढायचो, गजांना लोंबकळायचो आणि बघायचो.

बघायचो म्हणजे मागचं आवार. संसर्गाच्या धाकाने नातेवाइकांना आत मज्जाव. रविवारी सकाळी त्यांनी खाली आवारात उभं राहायचं, आम्ही वरून हात हलवायचे, घंटा झाली की संपलं. वडील फिरतीच्या नोकरीवर, परमुलखात. आई यायची ती पिवळी छत्री घेऊन. वरून फक्त छत्री दिसायची आणि तिच्या कडेखालून बाहेर येणारी बुटांची टोकं. तर्कशास्त्र मी पुढे शिकलो, पण व्याप्ती तिथेच पाठ झाली: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जिथे जिथे पिवळी छत्री तिथे तिथे आई.

बाकीच्या आया वर बघायच्या, हसायच्या, काही रडूनही दाखवायच्या. माझ्या आईने छत्री एकदाही बाजूला केली नाही. चालही तिथे निराळीच, फरशी आपली नसल्यासारखी पाय घासत घासत. आणि उभी राहिली की छत्री गरागरा फिरवत राहायची. मनगट जरा कलंडलं असतं तर मला चेहरा दिसला असता. आई जाऊन बरीच वर्षं झाली. हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि सोडूनही दिलेलं नाही.

एवढं मी बाईंना सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, ती कुणालाच सांगितलेली नाही. मी छत्रीला जीभ काढून दाखवायचो.

सोमवार, ९ मार्च

माझी थोरली बहीण भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि माझ्याकडे राहायला आली. तिच्या मते मी तिच्याकडे राहतो. आज जेवताना तिला कालचा वृत्तांत ऐकवला.

"पाडणार? सगळं?"

"सगळं."

"तिसऱ्या खिडकीशेजारी तो गंजका पाइप होता, तोसुद्धा?"

"तुला गं काय माहीत पाइप?"

"आईने सांगितलं असेल." ताईने भात उगाच कालवला. "सकाळी तिथे उभं राहिलं की ऊन थेट डोळ्यांत. पूर्वेकडे तोंड होतं ना."

भूगोलाच्या शिक्षिकेला न पाहिलेल्या आवाराच्याही दिशा ठाऊक असतात. मी छत्रीचं गाऱ्हाणं काढलं. हे गाऱ्हाणं आमच्या घरात सणासारखं वरचेवर येतं, असं ती म्हणते. मी म्हटलं, "तोंड लपवायला ती आई होती की चोर?"

"आणि तू रे पंडिता? जीभ काढायची काय गरज होती?"

घास हातातच राहिला. "छत्रीतून कसं दिसलं?"

"भोक होतं छत्रीला," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली.

म्हणजे आईने ताईला छत्रीच्या भोकापर्यंत सगळं सांगितलं आणि मला काही नाही. थोरल्या लेकीचा मान! मला या वयात मत्सर वाटला, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण दुसरीकडे कबूल करणार नाही.

शनिवार, १४ मार्च

आज आराखडा टेबलावर पसरला. वाचता वाचता डोक्यात सणक गेली.

खिडक्या मोठ्या आहेत, पण उभ्या डॉक्टरच्या डोळ्यांच्या उंचीवर. खालच्या भिंतीत नळ्या, बटणं, तारा. नातेवाइकांसाठी तळमजल्यावर 'कुटुंब विसावा': सोफे, कॉफीचं यंत्र, भिंतीवर मासे. मूल चौथ्या मजल्यावर, आई माशांपाशी. आणि बारा वर्षांखालच्या भावंडांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. तेव्हा फरक तो काय? आवाराला छप्पर घातलं आणि कॉफी ठेवली, एवढाच.

मी बोललो. जरा जास्तच बोललो, मागचं आवार आणि आईची छत्री यांसकट. थोरल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वार्ताहरसाहेब, एका वर्षी एका लाडक्या भावाने वॉर्डात कांजिण्या आणल्या. शेजारच्या खाटेवरची मुलगी आधीच अशक्त होती. तुमची छत्री तुम्हाला आठवते ना, तशी ती मला आठवते."

पण दुसरा मुद्दा राहिला होता. "भावाचं समजलं. आईने काय केलं? तिला का खाली पाठवता?"

"मुलाची तब्येत बिघडली तर मोठं यंत्र खोलीत आणून फिरवावं लागतं. खोलीत यंत्र तरी मावेल, नाहीतर आई तरी."

"मग यंत्राला बसवा तळमजल्यावर. त्यालाही मासे आवडतील."

समिती हसली. मेट्रन बाईंनी कपात तोंड लपवलं. थोरले हसले नाहीत, आणि मीही आतून हसलो नव्हतो. मी सांगून आलो आहे की, खोलीत आईची खाट आल्याशिवाय नागरिकांच्या प्रतिनिधीची सही होणार नाही. नागरिकांना याची कल्पना नाही, ते सोडा.

घरी ताईने शाबासकी द्यावी असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आईची खाट मागितलीस. भावंडांचं काय?"

"कांजिण्यांचं सांगितलं ना! आणि भावंडं म्हणजे नुसता धुडगूस. मुलाला आई हवी असते, ताई."

"हो ना. भावंडं काय, दगडधोंडे."

इतकं लागण्यासारखं त्यात काय होतं, परमेश्वर जाणे.

मंगळवार, १७ मार्च

ताई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे, पण आराखड्याशी तिची घट्ट मैत्री जमली आहे. जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसते. आज वरणाचा एक डाग शस्त्रक्रियागृहावर पडला. तिने तिथे पेन्सिलीने 'तलाव' लिहिलं. मी कोरडेपणाने चौकशी केली की या भूप्रदेशाबद्दल आपलं काय मत आहे. "प्रदेश बरा आहे," म्हणाली, "वस्ती करू देत नाहीत."

बाईंचा फोन आला होता. शनिवारी तापाच्या इमारतीतल्या जेवणघरात त्या नव्या खोलीची पुठ्ठ्याची हुबेहूब खोली उभारणार आहेत. खऱ्या मापाची. डॉक्टर, परिचारिका येऊन वावरून बघतील, मग शिक्कामोर्तब. ताई शेजारून म्हणाली, "मी येते आहे म्हणून सांग."

"तू कोण म्हणून?"

"ते तिथे ठरवीन."

शनिवार, २१ मार्च

हसावं की रागवावं ते अजून सांगता येत नाही. क्रमाने लिहितो.

पुठ्ठ्याच्या चार भिंती, खरा पलंग, जमिनीवर रंगीत पट्ट्यांनी आखलेल्या वस्तू, पुठ्ठ्याचंच एक वॉशबेसिन. रुग्ण म्हणून एका धाकट्या डॉक्टरला झोपवलं होतं, ताडासारखा उंच. त्याचे पाय पलंगाबाहेर लोंबत होते. मेट्रन बाई आल्या, खोटं इंजेक्शन देऊन गेल्या. खरं यंत्र ढकलत आणलं, वळवलं, नेलं. छान. थोरल्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, मग मंजूर."

तेवढ्यात ताईने भिंतीशी ठेवलेली खुर्ची उचलली, पलंगाच्या खिडकीकडच्या अंगाला टेकवली, बसली आणि पिशवीतून शब्दकोडं काढलं.

"आपण कोण?" थोरल्यांनी विचारलं.

"आई."

"कुणाची?"

ताईने पेन्सिलीने त्या ताडाकडे बोट केलं. "याची. अंगाने जरा वाढला आहे, पण आजारी आहे बिचारा."

"बाई, यंत्र पुन्हा आणून बघायचं आहे. जरा उठता का?"

"नाही."

"अहो, आई तळमजल्यावर असते."

"ही नाही तळमजल्यावर. ही इथे आहे. आणा तुमचं यंत्र."

यंत्र आणलं. ते खुर्चीपाशी येऊन अडलं. मागे घेतलं, पुन्हा आणलं, पुन्हा अडलं. यंत्र ढकलणारा घामाघूम. ताईने कोडं सोडवणं थांबवलं नाही. थोरल्यांचा आवाज चढला, "हे प्रात्यक्षिक आहे की धरणं?"

"दोन्ही. ज्याच्यासाठी चाललंय त्याला विचारा की." ती ताडाकडे वळली. "काय रे बाळा, आईने जाऊ का?"

तो छताकडे बघत म्हणाला, "बसा ना. मला चालेल." आणि मग, थोरल्यांचा चेहरा दिसल्यावर, "म्हणजे रुग्ण म्हणून बोलतोय, सर."

जेवणघर खदखदून हसलं. हसण्यात बाई नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसून टेपने जमीन मोजत होत्या. उठल्या आणि पुठ्ठ्याचं वॉशबेसिन उचलून दाराशेजारी नेऊन ठेवलं. "आता या बाजूने आणा." यंत्र आलं, पलंगाच्या दुसऱ्या अंगाने वळलं, थांबलं. खुर्ची जागेवर, आई जागेवर. मेट्रन बाई दारातल्या बेसिनपाशी गेल्या, हात धुतल्याचा अभिनय केला आणि म्हणाल्या, "हे तर आम्हाला असंच हवं होतं. आत शिरतानाच हात धुतले जातील."

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पलंगापाशी गेलो आणि गुडघे टेकले. "आता मी आठ वर्षांचा आहे," म्हटलं. "मला समोर काय दिसतं सांगू? पुठ्ठा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खिशातून कटर काढला आणि खिडकीखालची भिंत सर्रकन कापत गुडघ्यापर्यंत आणली. तुकडा खाली पडला. पलीकडे जेवणघराच्या उघड्या दारातून मागचं आवार दिसत होतं, ऊन दिसत होतं.

"अहो!" थोरले ओरडले.

"पुठ्ठाच आहे, सर," बाई म्हणाल्या. "आज पुठ्ठा आहे तोवर कापून घेते."

मी वळून ताईकडे पाहिलं. मला वाटलं विजयी मुद्रा असेल. ती त्या कापलेल्या भोकातून आवाराकडे बघत होती, आणि कोड्याचा कागद तिने चुरगळून टाकला होता.

सोमवार, २३ मार्च

अपेक्षित होतं ते झालं. थोरल्यांचा संपादकांना फोन. संपादकांनी मला समोर उभं केलं.

"बातमी द्यायला पाठवलं होतं, बातमी व्हायला नाही. तुमच्या बहिणीने म्हणे आंदोलन केलं."

"बसली होती फक्त."

"पुढच्या बैठकीला दुसरा माणूस जाईल."

"पाठवा. मीही जाईन. दोघांना चहा पुरेल."

"नोकरीचा विचार आहे ना?"

मी म्हणालो, आहे, आणि तो पूर्ण झालेला आहे. बाहेर आल्यावर पायरीवर बसून घेतलं. पण जिन्यात कुणी नव्हतं, तेव्हा ते बसणं जमेस धरायचं कारण नाही. मोठेपणी माणूस धीट होतो असं नाही; फक्त कठड्यावर न चढता खिडकीपर्यंत पोचतो.

ताईला सांगितलं. तिने अनेक दिवसांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. आमच्या घरी हे मानपत्र समजतात.

शनिवार, २८ मार्च

शेवटची बैठक. संपादकांनी दुसरा माणूस पाठवला नाही. म्हणाले, मिळाला नाही. ताईला बाईंनी बोलावलं होतं. "ह्या पुन्हा?" थोरल्यांनी विचारलं. "ह्या पुन्हा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली.

आईची खाट मंजूर झाली. गुडघ्यापर्यंत उतरणारी खिडकी मंजूर झाली. मी मनातल्या मनात उद्याचा मथळा जुळवू लागलो. उरला तो भावंडांचा नियम. "तो राहील," थोरले म्हणाले. "त्यावर चर्चा नको."

ताई उभी राहिली. गुडघे दुखतात म्हणून ती सहसा बसून बोलते. आज वर्गात राहायची तशी उभी राहिली.

"नको चर्चा. फक्त ऐका. तुम्ही मुलांना फाटकाबाहेर ठेवलंत तर ती यायची थांबत नाहीत. मोठी होऊन येतात. आईचे बूट घालतात, पुढे कागदाचे बोळे कोंबतात, तरी ते सटकतात. आईचा कोट चढवतात. पहारेकऱ्यासमोरून बाईमाणसासारखं चालत जातात. आणि आत गेल्यावर मान वर करून बघता येत नाही हो. चेहरा दिसला की हाकलतील म्हणून. त्या पोरीने इतकं करून काय मिळवलं? वरचा पोरगा तिच्यावर रुसलेला, आणि तिने त्याला पुरतं पाहिलंही नाही."

आवाज तिचा शेवटी जरा फाटला. चाळीस पोरांच्या वर्गाला वाळवंट डोळ्यांपुढे उभं करून देणारी बाई आहे ती; दाखला रंगवावा तर तिनेच. कागदाचे बोळे! हिने वार्ताहर व्हायला हवं होतं. मला काहीतरी खटकलं खरं, पण कशाने ते कळायच्या आत बाईंनी एक नवा कागद टेबलावर ठेवला.

खोल्यांच्या बाहेरच्या अंगाने एक लांब सज्जा, त्याला बाहेरूनच वेगळा जिना. भावंडांनी सज्ज्यातून यायचं, बुटक्या खिडकीपाशी बसायचं. मध्ये बंद काच. तोंडाला तोंड, पण श्वासाला श्वास नाही.

"काच मध्ये?" थोरल्यांनी विचारलं.

"काच मध्ये."

"एवढी जागा कुठून काढलीत?"

बाईंनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. "तुमच्या सभागृहातून, सर. ते निम्मं केलंय."

थोरल्यांनी चष्मा काढला आणि ताईला हळूच विचारलं, "पकडलं का कधी पहारेकऱ्याने?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि सही केली.

त्या दोघांचं काय चाललं होतं ते मला उमगलं नाही. मी मथळा जुळवत होतो.

रविवार, ५ एप्रिल

उद्यापासून तापाची इमारत पाडायला घेणार. बाईंना तिसऱ्या खिडकीतून आवाराचा एक फोटो हवा होता. मी वर गेलो. ताई जिने चढत नाही, म्हणून खाली आवारात थांबली.

पलंग हलवलेले. वॉर्ड इतका मोकळा की आपलीच पावलं आपल्याला हाक मारतात. मी खिडकीशी गेलो आणि खाली पाहिलं. सकाळचं ऊन इमारतीवरून थेट आवारात उतरत होतं. ताईने छत्री उघडली. साधी, काळी छत्री. वरून फक्त छत्री दिसली, आणि कडेखालून बाहेर आलेली तिच्या बुटांची टोकं. ती गंजक्या पाइपाच्या अगदी समोर उभी होती. दोन पावलं इकडे नाही, तिकडे नाही.

आणि मग छत्री फिरू लागली. गरागरा.

मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस. धूर पाहिला आणि इतकी वर्षं अग्नीवर रागावून बसलो. धूर कुठून येतो ते उठून कधी पाहिलं नाही. बूट, कोट, कागदाचे बोळे, भोक, जीभ. थोरल्या डॉक्टरांना एका वाक्यात कळलं. मला खिडकीपर्यंत यावं लागलं.

"सर?" बाई म्हणाल्या. "बरं वाटतंय ना?"

खालून दुसराच आवाज आला. पाडकामाच्या पहारेकऱ्याने ताईला हटकलं होतं. "ओ मावशी! इथे उभं राहायला मनाई आहे!"

"ठाऊक आहे!" ताई त्याच्याहून मोठ्याने म्हणाली. "तेव्हाही होती!"

आणि जागची हलली नाही.

मी गजांना तोंड लावून ओरडलो, "ताई!"

छत्री फिरायची थांबली.

"आई कुठे होती?"

छत्रीखालून उत्तर आलं. "घरी! अंथरुणात! तुझाच ताप चढला होता तिला!"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू वर आणि ती घरी, दोघं रडत बसला असतात! मी एकटीने कुणाकुणाकडे बघायचं होतं? तिनेच पाठवलं मला, आपले बूट काढून दिले! आणि नंतर म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस, माझ्यामुळे आईला ताप आला म्हणत बसेल!"

पहारेकरी एकदा वर बघत होता, एकदा खाली. हटकायचं विसरला होता.

मी म्हटलं, "ताई, छत्री बाजूला कर!"

मनगट कलंडलं. छत्री कडेला झाली. ऊन तिच्या डोळ्यांत गेलं, तिने ते बारीक केले, मान मागे टाकली आणि वर पाहिलं. दिसला चेहरा. सुरकुतलेला, चिडलेला, लाल झालेला, माझ्या थोरल्या बहिणीचा.

काय करावं हे सुचेना, म्हणून मी जे येत होतं ते केलं. जीभ काढून दाखवली. शेजारी आर्किटेक्ट बाई उभ्या होत्या, त्यांनी फोटोही काढला असावा.

खाली ताईने छत्री पुरती मिटली, पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून, सगळ्या आवारासमोर, मलाही जीभ काढून दाखवली.